फोन, फळा आणि माडिया बोलणारा वर्ग

माजरीच्या मुलांना कोळसा नव्याने काय शिकवायचा, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातले हे गाव वर्धा नदीच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की वणीचा परिसर, म्हणजे यवतमाळ जिल्हा. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, एका क्षेत्राला याच गावाचे नाव आहे. कुणाचे वडील खाणीत पाळीवर जातात, कुणाचे काका ट्रकवर असतात, जंक्शनवरून कोळशाच्या मालगाड्या जात राहतात. तरीही या मुलांनी खाण आतून पाहिलेली नसते. अठरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत प्रवेश नसतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे ज्या खड्ड्यावर घर चालते, तो केवढा, किती जुना, कोणत्या दिशेने वाढत गेला, हे मुलाला ठाऊक नसते. पुस्तकात असते ती कोणत्याही खाणीला लागू पडेल अशी एक आकृती.

भूगोलाच्या तासाला भिंतीवर गूगल अर्थ उघडले, तर हे चित्र बदलते. या साधनात २०२१पासून 'टाइमलॅप्स'ची सोय आहे. १९८४पासूनची उपग्रहचित्रे एकामागून एक सरकतात. वर्धेची वळणे दिसतात, शेते दिसतात, आणि त्या शेतांमध्ये राखाडी खड्डे व बाजूला उपसलेल्या मातीचे ढिगारे वर्षागणिक पसरताना दिसतात. त्या ढिगाऱ्यांना गावात 'ओबी' म्हणतात, हे मुलांनी शिक्षकांना सांगायचे. आपले घर शोधायचे, आजोबांचे शेत कुठे होते ते घरी विचारून यायचे, दोन वर्षांच्या चित्रांवर पट्टी ठेवून अंतर मोजायचे आणि प्रमाणाचे गणित वहीत सोडवायचे. इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळही २००९पासून आहे. त्यावरही असेच काम होऊ शकते. तास तोच, पाठ तोच, पुस्तकही तेच. पण प्रश्न आता मुलांच्या गावाचा झालेला असतो.

वर्गातल्या डिजिटल साधनांविषयी बोलताना सुरुवात इथून करावी लागते. यंत्र कोणते घ्यावे, पडदा किती इंची असावा, या चर्चा त्यानंतरच्या. रोजच्या पाठात मूल नेमके कुठे अडते, आणि त्या अडचणीवर फळा, खडू, पुस्तक आणि शिक्षकाचा आवाज यांना कोणती गोष्ट करता येत नाही, एवढे ठरले की साधनाची निवड बहुतेक वेळा आपोआप होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत ही गोष्ट जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे कोणतीच सोय गृहीत धरता येत नाही. वीज नाही, रेंज नाही, आणि पुष्कळ शाळांत पहिलीच्या मुलांना शिक्षकांची भाषाही कळत नाही. अशा ठिकाणी जे साधन टिकते, ते महाराष्ट्रात कुठेही टिकेल.

महाराष्ट्राला शिक्षणातले तंत्रज्ञान नवे नाही. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. इन्सॅट उपग्रहाच्या जोरावर शाळांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवण्याचा तो प्रयत्न होता. हजारो कार्यक्रम तयार झाले. आज पन्नाशीकडे झुकलेल्या अनेकांना दुपारच्या सुट्टीनंतर शाळेतल्या टीव्हीभोवती बसल्याचे आठवत असेल. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. तिच्या कार्यक्रमांत उणीव होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अडचण वेगळी होती. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. वर्ग अपूर्णांकांवर असताना पडद्यावर मधमाशी आली तर शिक्षकांनी काय करायचे? मागे जाता येत नसे, थांबवता येत नसे, एखाद्या मुलाने प्रश्न विचारला तर कार्यक्रम पुढे निघून जाई. आजच्या साध्या फोनमध्ये असलेले 'थांबवा' हे एक बटण त्या काळी शिक्षकांच्या हातात असते, तर बालचित्रवाणीचा इतिहास निराळा झाला असता.

दुसरी लाट २०१५ नंतरची. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय त्या वर्षी २२ जूनला निघाला आणि पाठोपाठ जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करण्याची चढाओढ लागली. गावोगाव लोकवर्गणी झाली. शेतमजुरांनीही पैसे दिले, माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिले, भिंतींवर 'डिजिटल शाळा' अशी अक्षरे रंगली. सरकारी शाळेसाठी गावाने पुन्हा खिशात हात घातला, ही त्या काळाची मोठी कमाई. पण त्यातले बरेच संच दोन-तीन वर्षांत कपाटात गेले. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर नवा कुणी आणायचा, याची तरतूद नव्हती, आणि वीजबिल थकल्याने शाळांचे मीटर कापले जाण्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. चंद्रपूरला महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचे. ज्या जिल्ह्याच्या कोळशावर महाराष्ट्रातले दिवे लागतात, तिथल्या शाळेचा पंखा आणि पडदा बिलाअभावी बंद राहू नये, ही मागणी फार मोठी नाही. साधन देताना त्याच्या विजेचा, दुरुस्तीचा आणि पाच वर्षांनंतरचा खर्च त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे.

या सगळ्या धावपळीत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे उदाहरण वेगळे उठून दिसते. माढा तालुक्यातल्या या छोट्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. कविता ऐकायची असेल, प्रयोग पाहायचा असेल, तर त्या पानावरचा कोड फोनने वाचायचा. कल्पना इतकी साधी की ती पुढे बालभारतीने उचलली आणि देशभरच्या पुस्तकांत आली. केंद्र सरकारचे 'दीक्षा' व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि पुस्तकातले कोड त्याला जोडले गेले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी घरोघरी पोहोचली. त्या मानाने त्यांच्या कामातला शैक्षणिक मुद्दा मागे राहिला. डिसले यांनी पुस्तकाला पर्याय दिला नाही, तर पुस्तकाच्या पानालाच दार लावले. मूल ज्या ओळीवर आहे, तिथूनच आवाज किंवा चित्र सुरू होते. शिक्षकांनाही वेगळा 'डिजिटल तास' काढावा लागत नाही.

मात्र रेंज नसेल तर तो कोड म्हणजे पानावरचा काळा-पांढरा चौकोन.

गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. चौरस किलोमीटरला ७४ माणसे. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की तालुका तुटतो. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या रस्त्यावर एसटी बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. जिथे बससुद्धा आत्ता पोहोचते आहे, तिथल्या शाळेचा पाठ इंटरनेटवर टांगून ठेवता येत नाही.

म्हणून या मुलखात पहिला विचार इंटरनेटशिवाय चालणाऱ्या साधनांचा. दीक्षावरचे साहित्य आधी उतरवून घेता येते. तालुक्याच्या गावी केंद्र संमेलनाला गेलेले शिक्षक पुढच्या पंधरवड्याचे पाठ फोनमध्ये भरून आणू शकतात. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली एका छोट्या संगणकावर बसवली की इंटरनेट नसतानाही तो संगणक खोलीतल्या सगळ्या टॅबना धडे पुरवतो, आणि ती मराठीतही चालते. 'किविक्स'मुळे विकिपीडिया पेनड्राइव्हवर मावतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातले लेख अजून कमी-जास्त दर्जाचे आहेत, पण वाघ, बांबू, मोह, गोदावरी यांवर वाचायला काहीतरी मराठी मजकूर वर्गात असणे, ही ग्रंथालय नसलेल्या शाळेसाठी लहान गोष्ट नाही. एवढ्या सामग्रीला मोठा निधी लागत नाही. लागते ती तालुका पातळीवर ती भरून देणारी, नवी करून देणारी एक जबाबदार व्यक्ती.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. जंगलातल्या बहुतेक प्राथमिक शाळा द्विशिक्षकी. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले एक बैठकीला गेले की चारही वर्ग एकाकडे. शहरातल्या पालकाला 'स्मार्ट क्लास' म्हटले की सगळी मुले पडद्याकडे तोंड करून बसलेली दिसतात. द्विशिक्षकी शाळेत त्याचा उपयोग उलटा आहे. शिक्षक पहिली-दुसरीबरोबर जमिनीवर बसून अक्षरे घडवत असताना चौथीच्या चार मुलांनी टॅबवर एक गोष्ट ऐकायची, दोनदा ऐकायची, मग तिसऱ्यांदा पुस्तकात बोट ठेवून सोबत वाचायची आणि शेवटी एकाने आपले वाचन ध्वनिमुद्रित करायचे. वीस मिनिटांनी शिक्षक तिकडे वळतात तेव्हा त्यांच्या हातात त्या मुलाचा आवाज असतो. तो कुठे थांबला, कोणत्या जोडाक्षरावर घसरला, हे त्यांना कळते. गेल्या महिन्याचा आवाजही जपलेला असेल, तर मुलाला स्वतःलाच आपली प्रगती ऐकू येते. फोनमधला साधा ध्वनिमुद्रक हे वाचन शिकवण्याचे फार ताकदीचे साधन आहे आणि ते प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आधीपासून आहे.

विज्ञानाचे उदाहरण आणखी वेगळे. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातली आभासी प्रयोगघरे मोफत आहेत, अनेक मराठीत आहेत आणि उतरवून घेता येतात. विद्युत परिपथ जोडा, तार तोडा, दिव्यांची संख्या वाढवा आणि पाहा. प्रयोगशाळा नसलेल्या सातवी-आठवीच्या वर्गाला हे वरदान आहे. पण ज्या गोष्टी हाताने करता येतात, त्या पडद्यावर करू नयेत. बॅटरीचा सेल, तार आणि छोटा दिवा भद्रावतीच्या बाजारात मिळतो. तो आधी मुलांच्या हातात यावा आणि त्या तारेतून 'वाहते' ते काय, हे न दिसणारे दाखवायला नंतर पडदा यावा. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या कितीतरी चित्रफिती मराठीत मोफत ठेवल्या आहेत. त्या पाहिल्यावर मूल पडद्यासमोरून उठते आणि आगकाडी, रबरी नळी शोधू लागते. चांगल्या चित्रफितीची ही खूण कुणालाही तपासता येईल.

एक फोन आणि तीस मुले, एवढ्यावरही बरेच होते. 'प्लिकर्स'मध्ये प्रत्येक मुलाकडे छापलेला एक कागद असतो. प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे तो कागद फिरवून वर धरायचा. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचे उत्तर काय, ते क्षणात दिसते. शेजाऱ्याचे उत्तर कागदावरून ओळखता येत नाही, त्यामुळे मागच्या रांगेतली न बोलणारी मुलगीही उत्तर देते. चुकले तर कुणी हसत नाही. शिक्षकांना मात्र समजते, की बेरजेत हातचा अर्ध्या वर्गाला कळलेलाच नाही आणि उद्याचा पाठ आजच बदलायला हवा.

पुरावा काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे, कारण या क्षेत्रात उत्साह फार लवकर चढतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा वडोदरा व मुंबईतल्या महापालिका शाळांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक, आपल्या पातळीनुसार पुढे सरकणारे गणिताचे खेळ मिळाले. गणितात ठळक सुधारणा झाली; कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तिच्यातला बराच भाग ओसरला. त्याच अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन शिकवणाऱ्या, गावा-वस्तीतल्याच 'बालसखीं'चाही चांगला परिणाम दिसला. उलट पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले आणि २०१२च्या मूल्यमापनात गणितात वा भाषेत फरक आढळला नाही. त्याच 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' कल्पनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या आदिवासी गावच्या शाळेत झाला होता. तेव्हा कौतुक खूप झाले. तो लॅपटॉप मात्र देशभरच्या वर्गांत पोहोचला नाही. यंत्र मुलाच्या पातळीचा प्रश्न विचारत असेल आणि शेजारी समजावणारे माणूस असेल, तर शिकणे होते. नुसते यंत्र दिल्याने होत नाही.

मुलांच्या हाती फोन आला आहेच. २०२४च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांतल्या ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाशी निगडित कामासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोनची ओळख करून देणे हे आता शाळेचे काम उरलेले नाही. त्यातून शिकायचे कसे, खरे-खोटे पारखायचे कसे, ही सवय लावणे हे काम आहे, आणि ते शाळेशिवाय दुसरीकडे कुठे होताना दिसत नाही.

या दोन जिल्ह्यांपुरता सर्वांत मोठा प्रश्न भाषेचा आहे, आणि डिजिटल साधनांचे सर्वांत मोठे आश्वासनही तिथेच आहे. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांत घरी माडिया बोलतात. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेले तीन समाज आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतले माडिया गडचिरोलीत, आणि कोलामांची काही गावे चंद्रपूरच्या कोरपना-जिवती भागात. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू. माजरीसारख्या खाणगावांत कामासाठी आलेल्या कुटुंबांमुळे एकाच बाकावर मराठी, हिंदी, तेलुगू एकत्र. देशात गोंडी ही मातृभाषा सांगणारे २०११ मध्ये सुमारे ३० लाख होते, तरी तिला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. सहा वर्षांचे माडिया मूल शाळेत येते, समोर मराठी पुस्तक, मराठी शिक्षक. ते गप्प बसते. पुढे दोन वर्षे त्या गप्प बसण्यालाच 'मंद आहे' असे नाव पडते, आणि ही या भागातल्या शिक्षणातली सगळ्यांत मोठी हानी आहे.

यावर माणसांनी उत्तरे शोधलेली आहेत. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा काढली, तेव्हापासून माडिया मुलांशी माडियात बोलतच पुढे जावे लागले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. मान्यतेवरून तिला प्रशासनाशी झगडावे लागले, पण गावाने ती सोडली नाही. मराठवाड्यात उमरगा तालुक्यातल्या जगदंबानगरचे शिक्षक उमेश खोसे यांनी पहिलीचे पुस्तक बंजारा बोलीत आणले आणि इंटरनेटशिवाय चालणारी ॲप बनवली. त्यांना २०२१चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीचे खुर्शीद शेख आणि २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीचे मंतय्या बेडके हे गडचिरोलीचे शिक्षकही या पुरस्काराचे मानकरी ठरले. जाजावंडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या तर नावातच 'डिजिटल' आहे. घटत्या पटाच्या काळात अशा आतल्या गावातली शाळा भरलेली ठेवणे, हे त्या शब्दापेक्षाही मोठे काम आहे.

गोंडी साहित्याची सोयही हळूहळू होते आहे. शुभ्रांशु चौधरी यांच्या 'सीजीनेट स्वर'ने २०१० पासून साध्या फोनवरून गोंडीत बातम्या बोलायला आणि ऐकायला जागा दिली. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या मोफत गोष्टींच्या व्यासपीठावर सीजीनेटचे स्वयंसेवक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या मदतीने मुलांच्या गोष्टी गोंडीत आल्या. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि आदिलाबादजवळच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली, म्हणजे त्या फोनवर लिहिता येण्याचा रस्ता मोकळा झाला. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदिवाणी' हे भाषांतराचे साधन प्राथमिक रूपात खुले केले. संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या पहिल्या चार भाषा. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण गोंडी एका साच्याची नाही. मध्य प्रदेशातली गोंडी आणि भामरागडची माडिया यांच्यात इतके अंतर आहे, की यंत्राने दिलेले वाक्य वर्गातल्या मुलांसमोर आधी वाचून पाहावे आणि मुले हसली तर त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावे. वाचन ऐकून चुका सांगणाऱ्या ॲपबाबतही हीच काळजी हवी. गूगलने २०१९ मध्ये आणलेले 'बोलो', पुढचे 'रीड अलाँग', मराठी वाचनासाठी उपयोगी पडले. पण यंत्राचा कान पुस्तकी मराठीवर तयार झालेला असेल आणि मुलाच्या उच्चारात माडिया वा तेलुगूचा वळसा असेल, तर यंत्राने 'चूक' म्हटले तरी मूल बरोबर असू शकते. तिथे निर्णय शिक्षकांनीच द्यायचा.

याहून पुढचे पाऊल शाळाच टाकू शकते. आजवर डिजिटल साधनांकडे बाहेरचे जग आत आणणारी खिडकी म्हणून पाहिले गेले. जंगलातल्या शाळेसाठी त्यांचा अधिक मोलाचा उपयोग आहे तो आतले जग वर्गात नोंदवून घेण्याचा. चौथीच्या मुलीने आजीला मोहफुले वेचताना विचारायचे, झाडे कशी ओळखतेस? आणि आजीचे उत्तर, तिच्या भाषेत, फोनवर टिपून आणायचे. मुलाने तेंदूपत्त्याच्या हंगामात आईला पुडके बांधताना विचारायचे, एका पुडक्यात पाने किती, शेकड्याचा भाव काय? तेच आकडे गणिताच्या तासाला फळ्यावर यायचे. जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज सकाळी टिपायचे, पक्षी ओळखणाऱ्या ॲपला विचारायचे आणि गावातल्या माणसाला विचारायचे. दोघांचे पटले नाही तर तो विज्ञानाचा उत्तम तास. मग आजीची गोष्ट माडियात ऐकायची, मुलांनी ती मराठीत सांगायची, शिक्षकांनी ती फळ्यावर उतरवायची, चित्रे काढायची आणि पाच पानांचे पुस्तक करायचे. पहिलीत येणाऱ्या पुढच्या मुलांना पहिल्या दिवशी ऐकायला आपल्याच गावचा आवाज असेल. मराठी या वाटेने अधिक पक्की होते, कारण अर्थ आधीच मनात असतो आणि शब्द त्याला येऊन जोडले जातात.

हे सगळे शिक्षकांच्या वेळावर उभे आहे, आणि तिथे कठोर बोलायला हवे. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, त्यानंतर ऑनलाइन माहितीचे प्रकार वाढतच गेले. आज पट भरा, उद्या शौचालयाचा फोटो टाका, परवा कुठल्यातरी दिवसाचा व्हिडिओ अपलोड करा. संध्याकाळी 'लिंक भरली का?' म्हणून गटावर यादी येते, आणि रेंजसाठी शिक्षक टेकडीवर उभे राहतात. शिक्षकांच्या हातातल्या फोनचा पहिला मालक कार्यालय झाले आहे. वर्गात डिजिटल शिक्षण हवे असेल, तर आधी हा फोन वर्गाला परत मिळाला पाहिजे. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागायची नाही, एवढा एक नियम पाळला गेला तरी आठवड्याला कितीतरी तास मुलांकडे वळतील.

कोविडच्या काळाने आणखी एक धडा दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरांत झूमवर तास भरू लागले. विदर्भात नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. 'प्रथम' संस्थेच्या सहभागाने चाललेल्या या उपक्रमात पालकांकडे संदेश जाई आणि रेडिओवरून मुलांशी बोलणे होई. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आली, पहिली ते आठवीसाठी, आणि तिने घरातल्या वस्तूंपासून कृती करायला लावल्या. नवे साधन पोहोचले नाही तिथे रेडिओ पोहोचला. जिवती तालुक्यातली पालडोहची शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालणारी म्हणून ओळखली जाते. तिथे मुलांना मिळणारी सर्वांत मोठी सोय म्हणजे वेळ. कोणत्याही यंत्राची किंमत ठरवताना या दोन गोष्टी, पोहोच आणि वेळ, शेजारी ठेवून पाहाव्यात.

पुढच्या प्रकरणांत साधनांची ओळख, पाठांची आखणी आणि मूल्यमापन यांची चर्चा येईल. शिक्षकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायलाच हवी असे नाही. आपल्या वर्गातली एक अडचण मनात धरून त्या पानावर थेट जावे. एक मुद्दा मात्र त्याआधीच ठरवून टाकायला हवा, तो म्हणजे मुलांनी गावात टिपलेल्या आवाजांची मालकी. आजीची गोष्ट, वैदूचे ज्ञान, पंडुमच्या सणाच्या वेळचे गाणे एकदा फोनवर आले, की ते कुठेही जाऊ शकते, कुणीही वापरू शकते. कोणत्या गोष्टी टिपायच्याच नाहीत, हेही गावाने सांगायचे असते. गडचिरोलीत यासाठी नवी व्यवस्था शोधावी लागणार नाही. मोहगाव ज्या धानोरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा आवाजांचाही ठेवू शकते. आवाज कुणाचा, कोणत्या गावचा, कधीचा, बाहेर द्यायला परवानगी आहे का, अशी चार ओळींची नोंद, आणि एक प्रत शाळेत, एक ग्रामसभेत. आज शिक्षकांची बदली झाली की वर्गाचे सगळे डिजिटल साहित्य त्यांच्या फोनबरोबर निघून जाते. प्रत गावात असेल, तर जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा नव्याने आलेल्या शिक्षकांना पहिलीच्या मुलांशी बोलायला त्या संग्रहापासूनच सुरुवात करता येईल.